हंबकरचं वायरिंग: सिरीज, पॅरलल की स्प्लिट?

हंबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा दोन कॉइलचा पिकअप; पिकअप तारांचं कंपन विजेत बदलतो आणि कॉइल म्हणजे त्यातली बारीक तारेची गुंडाळी. अशा एकाच हंबकरमधून तीन वेगळे आवाज काढता येतात. त्यासाठी नवा पिकअप नको, त्याच्या वायरी कशा जोडायच्या एवढं ठरवायचं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा धागा किंचित सरकवतात आणि सूर खुलतो; हे कामही तसंच कानाचं आहे.

आधी पिकअपमधून किती वायरी निघतात ते बघा. चार रंगीत आणि एक उघडी असेल तर सगळे पर्याय खुले. एकच वायर आणि तिच्यावर जाळी असेल तर तो पिकअप उघडू नका. आतली तार केसाहून बारीक असते, तुटली की कॉइल गेली.

हंबकरमध्ये दोन कॉइल असतात, गुंडाळी उलट आणि चुंबकाची बाजूही उलट. त्यामुळे तारांचा आवाज जुळतो आणि विजेची घरघर एकमेकींत कटते. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला तो याच रचनेसाठी.

सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही कॉइल एकीमागे एक जोडल्यावर, आवाज जाड आणि जोरकस येतो. डिस्टॉर्शनला, म्हणजे मुद्दाम फाटका केलेल्या आवाजाला, हाच हवा. स्प्लिटमध्ये एकच कॉइल चालू राहते. आवाज चमकदार होतो, पण घरघर परत येते. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी जोडलेल्या चालतात, आवाज थोडा हलका आणि स्वच्छ होतो, घरघर मात्र येत नाही. गणपती मंडळाच्या स्टेजवर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला लाइटचे डिमर आणि लांबच लांब केबल असतात, तिथे स्प्लिट त्रास देतो. म्हणून सांगली-मिरजेत स्टेजवर वाजवणाऱ्याने आधी पॅरलल करून बघावा, असं माझं ठाम मत आहे. लोक त्याला उगाच विसरतात.

आता जोडणी. रंग कंपनीगणिक बदलतात. खाली सेमूर डंकनचे रंग दिलेत. दुसऱ्या कंपनीचा पिकअप असेल तर तिचाच तक्ता बघा. मल्टिमीटरने जोड्या तपासा: काळी-पांढरी एक कॉइल, लाल-हिरवी दुसरी. साधा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) काढून ५०० के (किलोओहम) चा पुश-पुल पॉट बसवा; त्याचा नॉब दाबला-ओढला की आतला स्विच बदलतो. त्याच्या खालच्या स्विचला सहा पाय असतात. एका रांगेच्या मधल्या पायाला लाल, दुसऱ्या रांगेच्या मधल्याला पांढरी जोडा. नॉब दाबलेला असताना मधल्या पायांशी जे दोन पाय जुळतात, ते एकमेकांना तारेच्या तुकड्याने जोडा, ही सिरीज. उरलेल्या दोन पायांपैकी लालच्या रांगेतला काळ्या वायरीला, पांढऱ्याच्या रांगेतला हिरवीला जोडा. नॉब ओढला की पॅरलल. काळी नेहमीप्रमाणे पुढे सिलेक्टरकडे (कोणता पिकअप वाजेल ते ठरवणाऱ्या स्विचकडे) जाते, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. नॉब दाबल्यावर कोणते पाय जुळतात ते मीटरनेच बघा, अंदाजाने नको.

स्प्लिटच हवा असेल तर काम सोपं आहे: लाल-पांढरी एकत्र एका मधल्या पायाला, आणि नॉब ओढल्यावर त्याच्याशी जुळणारा पाय ग्राउंडला. दुसरा मोकळा सोडा.

सोल्डर करताना पॉटच्या पाठीवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, आतला ट्रॅक जळतो. पाठ आधी किंचित घासून घेतली तर कथील लवकर धरतं.

झाकण लावण्याआधी ॲम्पला जोडा आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. प्रत्येक स्थितीत टकटक ऐकू यायला हवी. मग सिलेक्टर मध्ये ठेवून दोन्ही पिकअप एकत्र ऐका. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर दोन्ही पिकअप फेजबाहेर आहेत, म्हणजे एकमेकांच्या उलट जोडले गेलेत. त्यातल्या एकाच पिकअपची सगळी जोडणी उलटवा, म्हणजे काळीच्या जागी हिरवी आणि लालच्या जागी पांढरी. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.