गळका माठ आणि मोगरा

शिमगा झाला की आमच्या हिंडलग्याच्या परसातला मोगरा मान टाकायचा. रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओतायची, पण उताराची तांबडी माती, पाणी वरच्यावर वाहून जायचं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं जीव हळहळायचा.

कोपऱ्यात खानापूरचा जुना माठ होता, काठ फुटलेला. टाकवेना. सासूबाई म्हणाल्या, "पूर की मोगऱ्याजवळ." पुरला, तर पाणी झिरपेचना! जुन्या माठाची छिद्रं क्षारानं बुजलेली. मग उकरून काढला, चिंचेचा कोळ लावून काथ्यानं घासला, रात्रभर पाण्यात ठेवला. बुंध्यापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत गाडला. माती कोरडी झाली की माठ झिरपतो, ओली असली की जवळजवळ थांबतो. आता तिसऱ्या दिवशी भरते. झाकण मात्र हवंच, नाहीतर डास अंडी घालतात.

झाकण म्हणून मातीची थाळी ठेवली, तिच्यात रोज ताजं घोटभर पाणी. पाडव्याच्या सकाळी बुलबुलांची जोडी तिथं अंघोळ करत होती, आणि मोगऱ्याला सात कळ्या! सासूबाईंनी एकही तोडू दिली नाही.