बर्फ फासून देव होत नाही: युद्ध आणि हिवाळ्याचा देव रचताना या चुका टाळा

ठाण्यात वर्तकनगरला एका मित्राच्या घरी दर रविवारी आमचा फाशांचा खेळ चालतो. काल्पनिक जग, त्यातली राज्यं, त्यातले देव, आणि ते सगळं सांभाळणारा मी. खेळाडू त्यातली पात्रं होतात, आणि ठरवलेलं जमलं की फसलं ते फासे सांगतात. दोनेक वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने युद्ध आणि हिवाळ्याचा देव आणला. निळे डोळे, बर्फाची तलवार, पाठीमागे कायम हिमवादळ. त्याची फौज भर थंडीत डोंगर ओलांडून आली तेव्हा गटातल्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने वडापाव खाली ठेवून विचारलं, "घोडे खातात काय?"

मी म्हणालो, "देवाची कृपा."

त्यानंतर संध्याकाळभर कुठलीही अडचण आली की कोणीतरी हात जोडून "देवाची कृपा" म्हणायचं. देव संपला. तो परत उभा करायला मला चार महिने लागले. त्या काळात कळलेल्या चुका खाली लिहितोय. गोष्ट लिहिणाऱ्यांनाही त्या लागू पडतील.

दोन खाती, एक मंत्री

सगळ्यात मोठी चूक ही की युद्ध आणि हिवाळा ही दोन खाती आपण एकाच मंत्र्याला देऊन मोकळे होतो. ती एकत्र का आली, हे विचारतच नाही.

बर्फाळ मुलखात या दोघांचं मुळात पटत नाही. घोड्याला रोज साधारण 8 ते 10 किलो चारा-दाणा लागतो. 500 घोडे म्हणजे दिवसाला 4-5 टन, आणि गवत तर बर्फाखाली. म्हणून रोमन लोकांचा युद्धदेव मार्स मार्चमध्ये जागा व्हायचा. त्या महिन्याचं नावच त्याच्यावरून पडलं, मोहिमांचा हंगाम तिथून सुरू व्हायचा, आणि ऑक्टोबरात शस्त्रं शुद्ध करून ठेवण्याचा विधी असायचा. थंडीत फौज छावणीत.

आपल्याकडे बरोबर उलटं. पावसाळ्यात नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, माणसं शेतात. खंडेनवमीला शस्त्रपूजा, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मग थंडीभर मोहीम. मराठी डोक्यात हिवाळा हाच लढाईचा हंगाम असतो. म्हणून हा देव आपल्याला चटकन सुचतो, आणि म्हणूनच आपल्या हातून तो चुकतो. डोक्यात आपलं पंचांग आणि कागदावर त्यांचा बर्फ. माझ्या फौजेने दसऱ्याला सीमोल्लंघन केलं होतं आणि थेट हिमनदीवर जाऊन पोचली होती.

आपलं पंचांग उत्तरेत नेलं की काय होतं, याचं उदाहरण इतिहासातच आहे. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, संक्रांतीच्या सुमाराची. त्याआधी मराठी छावणी कित्येक आठवडे तिथेच अडकलेली, रसद तुटलेली, माणसं नि जनावरं उपाशी, अंगावर दख्खनचे कपडे. त्या मैदानात बर्फ नव्हता. थंडीला तेवढ्यासाठी बर्फ लागतही नाही.

मग या दोघांना जोडायचं कसं? मला वाट सापडली ती नकाशावर. 1658 साली स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव गोठलेल्या समुद्रावरून फौज चालवत डेन्मार्कच्या बेटांवर उतरला. थंडी वाटा बंद करते हे आपल्याला ठाऊक असतं. ती वाटा उघडतेही, हे सुचत नाही. तिथून माझा देव बदलला. आता तो दरवर्षी चाळीस दिवस नदी गोठवतो. पलीकडे जायची मुभा सगळ्यांना, आपल्यालाही आणि शत्रूलाही. बर्फ वितळायच्या आत जो परतला नाही तो देवाचा. एवढ्या एका नियमाने काम झालं. खेळाडू आपोआप दिवस मोजायला लागले, शिधा मोजायला लागले, आणि पहिल्यांदाच एकाने लढाई जिंकत असताना माघार घेतली.

थंडी म्हणजे "उणे पाच" नव्हे

थंडीत गेलात, पाच गुण वजा. हे मीही करायचो. माझी काय चूक? ठाण्यात पारा पंधराच्या खाली गेला की ती बातमी होते. पहाटे येऊरला जाताना कानटोपी घालतो, तीच आमची थंडी.

मग एका पहाटे चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळी घ्यायला गेलो असताना एक मावशी दिसल्या. बर्फाची लादी फोडून चुरा टोपलीत भरत होत्या. शेजारच्या पोराने पिशवी पुढे केली, "मावशी, गाठ मारा." त्यांनी दोनदा प्रयत्न केला. बोटं पांढरी पडलेली, टोकं सुरकुतलेली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचे दोन कान काही केल्या एकमेकांत अडकेनात. शेवटी दातांनी ओढून गाठ मारली. मला म्हणाल्या, "हात हायेत, पन माजे नाय वाटत." मी पापलेट विसरून घरी आलो आणि सगळे नियम खोडले.

आता आमच्या खेळात थंडी जीव घेत नाही, आधी बोटं घेते. धनुष्याची दोरी चढवता येत नाही, चकमकीच्या दगडातून ठिणगी पाडता येत नाही, जखमेवर पट्टी बांधणाऱ्यालाच गाठ मारता येत नाही. तहान लागली म्हणून नुसता बर्फ खाल्ला तर तो पोटात वितळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते, म्हणून पाण्यासाठीसुद्धा आधी सरपण लागतं. चढावर घाम आला की थांबल्यावर तोच घाम हुडहुडी भरवतो, म्हणून जुना सैनिक हळू चालतो आणि नवा धावतो. पायमोजे ओले राहिले तर पारा शून्याच्या वर असतानाही पाय कुजायला लागतात. 1939-40 च्या हिवाळ्यात फिनलंडचे सैनिक पांढरे झगे घालून स्कीवरून यायचे आणि सोव्हिएत फौजेची फिरती स्वयंपाकघरं हेरून उडवायचे. गरम सूप बंद पडलं की उरलेलं काम हवामान करायचं.

उलट टोकाची चूकही आहे, सगळं श्रेय थंडीलाच द्यायचं. नेपोलियनला रशियाच्या हिवाळ्याने हरवलं असं आपण शाळेपासून ऐकतो. पण 1812 च्या जूनमध्ये निघालेल्या त्याच्या मुख्य फौजेतला मोठा हिस्सा मॉस्को गाठण्याआधीच, ऐन उन्हाळ्यात, रोगराईने, पळून जाण्याने आणि चाऱ्याच्या टंचाईने गळालेला होता. हिवाळ्याने उरलेल्यांचा हिशेब केला. देव प्रत्येक मरणाची जबाबदारी घेत नसला की जास्त भीतिदायक वाटतो.

नाव

मी नाव ठेवलं होतं "शीतांतक". आई संस्कृतची शिक्षिका होती. म्हणाली, "अंतक म्हणजे संपवणारा. शीतांतक म्हणजे थंडी संपवणारा. तू हीटर केलायस."

जोडशब्द करायचा असेल तर आधी तो सोडवून बघा. आणि एका नावावर भागवू नका. पोथीत मार्तंड भैरव असतो, आरतीत मल्हारी होतो आणि घरात खंडोबा. माझ्या देवाचं देवळातलं नाव आता हिमकेतू आहे. गावकरी त्याला गारठोबा म्हणतात. पहिल्यांदा ऐकून सगळे हसले होते, पण दोन रविवारांनंतर हिमकेतू कोणाच्या तोंडातच राहिला नाही. सैनिक मात्र नदी ओलांडल्यावर दोन्ही नावं घेत नाहीत. ते नुसतं "पाहुणे" म्हणतात. रात्री सापाला लांबडं म्हणायचं, कुंकू संपलं न म्हणता वाढलं म्हणायचं, दुकान बंद न करता वाढवायचं, ही आपलीच रीत. नदीपल्याड शेकोटी "विझली" असं म्हणणाऱ्या सैनिकाला बाकीचे एक घास कमी देतात. हा नियम मी केलेला नाही, एका खेळाडूने केला. मी फक्त वहीत लिहून घेतला.

भक्त करतात काय?

देवाची शस्त्रं, वाहन, रंग, चिन्ह यांची पानं भरतात, आणि त्याच्या भक्ताने सकाळी उठून काय करायचं ही ओळ कोरी राहते. माझीही राहिली होती.

खंडोबाकडे बघा. मणी-मल्लाशी लढलेला देव, आणि त्याचा उत्सव येतो मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, ऐन थंडीत. पण घरातल्या पोराला आधी आठवतं ते चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं, हे. भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी, भंडारा. लढाईची कथा पुजाऱ्याला पाठ असते, भरीत सगळ्यांना.

आणि बर्फातच जायचं तर सियाचीन आहे. 1984 पासून तिथे आपलं सैन्य आहे आणि गोळीपेक्षा हवामानाने जास्त जवान नेले. तिथे ओ. पी. बाबांचं मंदिर आहे. एकट्याने चौकी राखलेल्या ओमप्रकाश नावाच्या जवानाची ती कथा आहे. वर चौकीवर जाणारी तुकडी आधी बाबांना रीतसर रिपोर्ट देते, खाली आली की पुन्हा देते. सिक्कीममध्ये नाथू ला खिंडीच्या परिसरात बाबा हरभजन सिंगांचं मंदिर आहे, मरणानंतरही पहाऱ्यावर आहे अशी श्रद्धा असलेल्या जवानाचं. तिथे त्यांचा बिछाना घातलेला असतो, बुटांना पॉलिश असतं. तिथे बर्फाची तलवार नाही, निळे डोळे नाहीत. रिपोर्ट आहे, बिछाना आहे, बूट आहेत. हे वाचल्यावर मी माझ्या देवाची अडीच पानं फाडली. आता त्याचा एकच विधी आहे. नदीवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि परतायचा दिवस मोठ्याने सांगायचा. काठावर म्हातारा पुजारी दोरीला गाठ मारतो, परतलात की सोडतो. ज्यांच्या गाठी सुटल्या नाहीत त्या दोऱ्या देवळात टांगलेल्या असतात.

बाकीच्या देवांशी नातं जोडताना फार वेळ घालवू नका, एक भांडण पुरतं. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधली स्काडी ही डोंगरातली, स्की आणि धनुष्यवाली. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला ती हत्यारबंद होऊन देवांच्या दारात आली आणि भरपाई म्हणून नवरा मागितला. तोही नुसते पाय बघून निवडायचा. मिळाला समुद्राचा देव न्योर्ड. त्याला डोंगरातले लांडगे सोसेनात, तिला समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. मुंबईत सासर असलेल्या घाटावरच्या कुठल्याही मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तरी अडलं तर

खेळाडू देवावर हसत असतील तर देवाला बोलताना थांबवा. माझा पहिला देव दर वेळी ढगातून भाषण ठोकायचा. आताच्या देवाने आजवर एक शब्द काढलेला नाही, बर्फ तडकल्याचा आवाज तेवढा येतो.

देवाचा पुजारी झालेला खेळाडू प्रत्येक लढाई एकटाच जिंकत असेल तर त्याची शक्ती कमी करू नका, तो नाराज होतो. त्याला परतायचा दिवस द्या. आमच्या पुजाऱ्याकडे बर्फाचा पूल बांधायची ताकद आहे, पण प्रत्येक पुलामागे त्याचा स्वतःचा एक दिवस कमी होतो. आता तो पूल बांधण्याआधी दहा मिनिटं हुज्जत घालतो.

आणि उन्हाळ्यात देव कुठे जातो, हे आधी ठरवून ठेवा, कारण कोणीतरी विचारणारच. विष्णू आषाढीला झोपतो, कार्तिकीला उठतो. मी तेच उलटं फिरवून गारठोबाला होळीपासून दसऱ्यापर्यंत झोपवला. नदीकाठच्या गावात तेवढे महिने लोहार ऐरणीवर चामडं टाकून काम करतात, त्याला जाग येऊ नये म्हणून. गेल्या रविवारी घोड्यांचं विचारणाऱ्या त्या मैत्रिणीने लोहाराच्या दारात उभं राहून ते चामडं उचललं आणि हातोडा मागितला. खेळातला महिना ज्येष्ठ आहे, नदी दुथडी भरलेली आहे आणि शत्रू पलीकडच्या काठावर. फासे अजून पडायचेत.