सेल सायकल: मी एका तासाचा अभ्यास केला आणि २३ तास सोडून दिले

पहिल्या वर्षाला सेल सायकल (पेशी वाढून तिच्या दोन होईपर्यंतचं चक्र) म्हणजे विभाजनाचे चार टप्पे, प्रोफेज मेटाफेज अ‍ॅनाफेज टेलोफेज एवढंच धरून बसलो होतो, चारही आकृत्या झोपेत काढता यायच्या, आणि प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड लावली तर समोर नुसत्या गोल न्यूक्लियसवाल्या पेशी. वाटलं स्लाइड बिघडली. परत केली (अ‍ॅसिडात मूळ नीट मऊ झालं नाही की थर जाड राहतो, तेही झालं एकदा), तरी तेच. मग ट्यूब पेटली, बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच (दोन विभाजनांमधला काळ) सापडणार ना! माणसाची कल्चरमध्ये भराभर वाढणारी पेशी साधारण २४ तासांत विभागते, त्यात एम फेज, म्हणजे प्रत्यक्ष विभाजन, जेमतेम तासभर. बाकी वेळ वाढायचं, डीएनएची कॉपी काढायची, तपासायचं.

नवीन लोकांचा खरा घोळ मोजणीत होतो. एस फेजमध्ये (इंटरफेजमधला कॉपी काढायचा टप्पा) डीएनए दुप्पट होतो पण क्रोमोसोम दुप्पट होत नाहीत. माणसाच्या पेशीत आधी ४६, नंतरही ४६च, फक्त प्रत्येकाचे दोन क्रोमॅटिड (एकमेकांना जोडलेल्या सारख्या प्रती), म्हणजे ९२ क्रोमॅटिड. अ‍ॅनाफेजला ते सुटे झाले की तेवढ्यापुरते ९२ क्रोमोसोम, मग दोन पेशींत ४६-४६. मला हे वहीत कधीच कळलं नाही, शेवटी लोकरीचे तुकडे जोडीजोडीने गाठ मारून टेबलावर मांडले, गाठ म्हणजे सेंट्रोमिअर (दोन क्रोमॅटिड जोडलेली जागा), गाठी मोजा की क्रोमोसोम मिळाले, संपला विषय. मियोसिसलाही (अंडी-शुक्रपेशी बनवणारं विभाजन) हीच लोकर वापरा: पहिल्या विभाजनात गाठी सुटत नाहीत, जोडीदार (आईकडून आणि वडिलांकडून आलेले जोडीचे क्रोमोसोम) वेगळे होतात आणि ४६चे २३ तिथेच होतात, गाठी सुटतात दुसऱ्यात.

चेकपॉइंटची (पेशी पुढे जाण्याआधी थांबून तपासते ते टप्पे) नावं नंतर पाठ करा, आधी पेशी तिथे काय बघते ते लिहा. जी१ला (डीएनएच्या कॉपीआधी): पुरेशी वाढले का, डीएनए धड आहे का. जी२ला (कॉपीनंतर, विभाजनाआधी): कॉपी पूर्ण झाली का. मेटाफेजला: प्रत्येक क्रोमोसोम दोन्ही टोकांच्या स्पिंडलला (क्रोमोसोम ओढणारे धागे) जोडला गेला का. सायक्लिन हे नावही मग रट्टा मारावं लागत नाही, शास्त्रज्ञ टिम हंट यांना सी अर्चिनच्या (काटेरी समुद्री प्राणी) अंड्यांत असं प्रोटीन दिसलं जे साठत जायचं आणि दर विभाजनाला गायब व्हायचं, म्हणून सायक्लिन. २००१चं नोबेल हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत त्यांना मिळालं.

आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) कोल्चिसिन विचारतातच. ते घातलं की स्पिंडल बनत नाही, पेशी मेटाफेजला अडकते, आणि क्रोमोसोम तिथेच सगळ्यात आखूड-जाड असल्यामुळे कॅरिओटाइपसाठी (पेशीतल्या सगळ्या क्रोमोसोमचं मांडलेलं चित्र) मोजायला सोपे पडतात. हे कारण सांगा, नुसतं औषधाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच.