पिनार आडनावाचा माग काढायचाय? शेवटच्या माणसापासून सुरू करा

दक्षिण आफ्रिकेतलं पिनार (Pienaar) हे आडनाव दिसायला अगदी डच वाटतं, पण ते मुळात फ्रेंच आहे. १६८८ मध्ये फोर्सखोटन जहाजातून झाक पिनार (Pinard) नावाचा ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सुतार बायको एस्थरसोबत दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात उतरला, आणि त्याच्या नावातलं शेवटचं ड अक्षर फ्रेंचमध्ये लिहितात पण बोलत नाहीत, त्यामुळे डच कारकुनांनी कानावर पडलं तसं लिहून टाकलं. म्हणून शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका, जोरात वाचून बघा आणि तसं ऐकू येणारं सगळं टाईप करा.

लोक थेट मूळपुरुषापासून खाली यायला बघतात, ते नका करू. तुम्हाला माहीत असलेल्या शेवटच्या माणसाची मृत्यूनोंद आधी काढा, आफ्रिकान्समध्ये तिला स्टेर्फकेनिस म्हणतात. त्या कागदावर आईवडिलांची नावं, जन्मठिकाण, जोडीदार, मुलं असं बरंच काही एकाच जागी सापडतं, माझ्या मते यापेक्षा कामाचा कागद नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये जुन्या प्रांतांप्रमाणे केपसाठी केएबी, ट्रान्सवालसाठी टीएबी, फ्री स्टेटसाठी व्हीएबी हे कोड लावून शोधा.

मग डच रिफॉर्म्ड चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. इथे साक्षीदारांची नावं अजिबात सोडू नका, बऱ्याचदा ते आजी-आजोबाच असतात. शिवाय पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव द्यायची पद्धत होती, त्यामुळे एकाच नावाचे चार चुलतभाऊ निघतात, तेव्हा बायकोच्या नावावरून वेगळे करा. वंशावळीत मूळपुरुष ए, त्याची मुलं बी, नातवंडं सी, असे नंबर देतात, तेच वापरा.

कुटुंब कुठे कुठे पसरलं ते बघायचं तर प्रत्येक बाप्तिस्म्याचं गाव आणि साल नकाशावर टाका. आधी केपमधलं ड्राकेनस्टीन, पुढे पूर्वेला ग्राफ-रिनेट, आणि १८३५ नंतर ग्रेट ट्रेकमध्ये, म्हणजे डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या मोठ्या स्थलांतरात, गेलेल्या फांद्या असतील तर त्या उत्तरेला फ्री स्टेट नि ट्रान्सवालमध्ये दिसायला लागतील.

आणि फक्त आडनावावरून नातं जोडू नका. १९९५ चा रग्बी वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन फ्रान्स्वा पिनार आणि २०१० च्या वर्ल्ड कपमधला फुटबॉलपटू स्टीव्हन पिनार, आडनाव एकच, पण एक गोरा आफ्रिकानर आणि दुसरा कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाच्या, समाजातला. कलर्ड कुटुंबांचा शोध असेल तर गेनाडेंडालसारख्या ख्रिस्ती मिशनची रजिस्टरं वेगळी बघावी लागतात, ती मुख्य चर्चच्या वह्यांत नसतात.