दारू सोडवणारी औषधे घेताना या चुका टाळा

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून जे प्रश्न ऐकू येतात, त्यांतला एक नेहमी गर्दी ओसरल्यावर आणि हलक्या आवाजात विचारला जातो: "भाऊ, दारू सोडवायची गोळी द्या, वरणात मिसळली तरी चव लागणार नाही अशी." विचारणारी बहुधा पत्नी किंवा आई असते, हातात घडी घालून घालून मऊ पडलेल्या नोटा असतात आणि बाकीचे सगळे उपाय करून ती थकलेली असते. तिला नकार देणे जड जाते, तरीही मी देतो.

ती मागत असते ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारूचे शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचा निचरा करते. डायसल्फिराम नेमके हेच विकर बंद पाडते. त्यामुळे गोळी चालू असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयविकार असलेल्याच्या जिवावरही बेतू शकते. हे ज्याला ठाऊक आहे तो पेल्यापासून लांब राहतो. औषधाचा सारा उपयोग त्या ठाऊक असण्यात आहे. ज्याला वरणातून गोळी गेली आहे, तो मात्र रोजच्यासारखा प्यायला बसतो. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम सुमारे १४ दिवस राहू शकतो, म्हणून "काल दिली नव्हती" या हिशेबाला काही अर्थ नाही. पुढे कधी ही गोष्ट त्याला कळली, तर घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि उपचाराला तयार होण्याची उरलीसुरली शक्यताही त्याबरोबर जाते.

गोळी राजीखुशीने घेणाऱ्यांकडूनही एक चूक सर्रास होते. अशक्तपणा वाटतो म्हणून द्राक्षासव, यकृतासाठी कुमारी आसव, झोपेसाठी अश्वगंधारिष्ट घेतले जाते. पण आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत मुळातच अल्कोहोल असते. बाटलीच्या लेबलावर ते छापलेलेही असते, फक्त ते कोणी वाचत नाही. खोकल्याची काही औषधे आणि माउथवॉश यांनाही हेच लागू आहे. मेट्रोनिडाझोल ही जुलाबासाठी सहज दिली जाणारी गोळी डायसल्फिरामबरोबर घेतल्यास मानसिक भ्रम होऊ शकतो, तेव्हा कोणत्याही डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

यापेक्षाही मोठा धोका आहे तो रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात, घरच्या घरी, दारू तोडण्याचा. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो. वेळेवर उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यूही होतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन आणि ती क्रमाने उतरवत पार पाडावे लागतात. घरी जाताना मिळालेली हीच पट्टी पुढे महिनोन्‌महिने "झोपेसाठी" चालू ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना आता त्या गोळीचीच सवय लागलेली असते.

जीवनसत्त्वांपैकी थायमिन, म्हणजे बी-१, याला खरोखर पर्याय नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या आहारात ते कमी असते आणि आतड्यांतून शोषलेही नीट जात नाही, म्हणून सुरुवातीला ते बहुधा इंजेक्शनने द्यावे लागते. गावाकडे माणूस गळून गेला की "सलाइन लावा" असा आग्रह धरला जातो. थायमिनची तीव्र कमतरता असताना आधी नुसते ग्लुकोज शिरेतून गेले, तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सलाइन लावण्यापूर्वी, लाज बाजूला ठेवून, हा माणूस रोज पितो हे डॉक्टरांना सांगावेच. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे नशेची समजून झोपू देऊ नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. लिव्हर टॉनिकच्या भरवशावर पिणे चालू ठेवण्यात काही हशील नाही. जीवनसत्त्व 'अ' जास्त मात्रेत घेतले तर दारूने आधीच थकलेल्या यकृतावर उलट भार पडतो, आणि बी-६ महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेतल्यास पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधे आपल्याकडेही मिळतात. ट्रॅमाडोल किंवा कोडीन ही अफूच्या वर्गातली औषधे घेणाऱ्याने नाल्ट्रेक्सोन सुरू करू नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण त्यामुळे काही वेदनाशामके लागूच पडत नाहीत. ॲकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, तेव्हा आधी क्रिएटिनिनची तपासणी लागते. ते दिवसातून तीनदा घ्यायचे असल्याने दुपारची मात्रा हमखास राहते. डब्याच्या पिशवीत पट्टी ठेवली की ही अडचण बरीचशी सुटते.

मध्येच एखाद्या दिवशी दारू घेतली गेली, तर गोळ्या फेकून देऊ नयेत आणि ते लपवूही नये. त्याच डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगावे, कारण पुढची मात्रा, औषधातला बदल किंवा मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होण्याचा निर्णय त्यांना त्यावरूनच घेता येतो. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर १४४४६ या शासनाच्या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारता येते, आणि हा फोन पत्नीने किंवा आईने केला तरी चालतो.