लिनक्सवर दोन डिस्क आहेत? मग स्वॅप असं वाटा

बर्डीच्या बाजारातून जुना पीसी घेतला, मागाहून त्यात एसएसडी टाकली आणि आधीची हार्ड डिस्क पण तशीच लावून ठेवली, असे पीसी नागपुरात खूप घरी चालून राहिले. टॅब जास्त उघडले की रॅम भरते, मग स्वॅप (रॅम कमी पडली की तिच्या मदतीला वापरायची डिस्कवरची जागा) सुरू होतं आणि मशीन अडकते. रॅम वाढवता येत असेल तर आधी तेच करा भाऊ, स्वॅप कितीही छान मांडलं तरी ते रॅमची जागा घेत नाही. पण बोर्डात स्लॉटच उरला नसेल तर हे नक्की करा.

टर्मिनलमध्ये 'स्वॅपऑन डॅश डॅश शो' टाका (कमांड उच्चाराने लिहून राहिलो, टाइप इंग्रजीतच करा). प्रायोरिटीच्या (कोणतं स्वॅप आधी वापरायचं त्या क्रमाच्या) कॉलममध्ये उणे २, उणे ३ असे आकडे दिसले तर समजा की तुम्ही काहीच ठरवलेलं नाही, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) आपल्या मनाने नंबर दिलेत. बऱ्याच सिस्टिमवर मग काय होतं, की मोठ्या नंबरचं (इथे उणे २) स्वॅप पूर्ण भरेपर्यंत दुसऱ्याला हातच लागत नाही, आणि ते नेमकं हार्ड डिस्कवरचं असलं तर एसएसडी रिकामी बसते. दोन स्वॅप बनवली म्हणजे काम झालं असं लोक समजतात, पण खरा खेळ प्रायोरिटीचा आहे.

आता एफएसटॅब फाइल (बूट होताना कोणती डिस्क, कोणतं स्वॅप लावायचं त्याची यादी) उघडा, पण आधी तिची कॉपी काढून ठेवा, कारण तिथे चूक झाली तर मशीन बूट होताना अडू शकते. स्वॅपच्या ओळीत ऑप्शनच्या जागी 'पीआरआय', मग बरोबरचं चिन्ह आणि आकडा लिहायचा, ० ते ३२७६७ मधला कोणताही, मोठा आकडा आधी वापरला जातो. एसएसडी आणि हार्ड डिस्क असेल तर एसएसडीला १००, हार्ड डिस्कला १०. दोन्ही डिस्क सारख्या वेगाच्या असतील तरच दोघींना सेम आकडा द्या, मग कर्नल आळीपाळीने दोन्हीकडे पानं (मेमरीचे छोटे तुकडे) टाकतो, त्यासाठी वेगळं रेड (डिस्क एकत्र जोडायची पद्धत) लावायची गरज नाही. वेग वेगळा असताना सेम आकडा दिला तर अर्धी पानं हळू डिस्कवर जातात आणि सगळं तिच्याच चालीने चालतं.

एकाच हार्ड डिस्कवर दोन स्वॅप पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) करून सेम आकडा अजिबात देऊ नका बाप्पा, वाचणारी-लिहिणारी हेड सगळी एकत्रच हलतात, ती इकडून तिकडे धावतात आणि होतं त्यापेक्षा स्लो होतं. पेन ड्राइव्हवर तर स्वॅप ठेवूच नका, चालू असताना निघाली की प्रोग्राम कोसळतात.

नवीन पार्टिशनवर 'एमकेस्वॅप' (पार्टिशन स्वॅपसाठी तयार करणारी कमांड) चालवण्याआधी 'एलएसबीएलके'ने (डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या कमांडने) नाव दोनदा पाहा, चुकीचं नाव गेलं तर तिथला डेटा हातचा जाऊ शकतो.

फाइल सेव्ह करून रीस्टार्ट करा, परत शो कमांडने आकडे पाहा. मग नेहमीचं काम उघडून 'व्हीएमस्टॅट १' लावा, एसआय आणि एसओ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं आणि रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे कॉलम सतत मोठे आकडे दाखवत असतील तर रॅमच कमी पडतेय, स्वॅप हलवून फारसा फरक पडणार नाही.

हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) वापरत असाल तर मात्र एकच स्वॅप पुरेसं मोठं ठेवा, कारण रॅममधला सगळा माल त्या एकाच जागी लिहिला जातो, दोन डिस्कवर वाटून जात नाही.