मे संपताना गच्चीवरच्या बागेत काय वाचवायचं आणि काय उपटायचं

मे महिना अर्धा उलटला की पुण्यात बाग करणारे सगळे एकच विचारायला लागतात, रोज दोन वेळा पाणी घालतोय तरी झाडं का सुकतायत? बहुतेक वेळा पाणी कमी पडत नसतं, मुळं भाजत असतात. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, आणि त्यावर टेकलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत वरून कितीही पाणी ओता, खालून चटका बसतच राहतो. त्यामुळे आधी मुळांना गारवा द्या, बाकी सगळं नंतर.

प्रत्येक कुंडीखाली दोन-तीन विटा सरकवा म्हणजे खालून हवा खेळते. कुंड्या लांब लांब न ठेवता एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला जुने मोठे डबे किंवा रिकाम्या कुंड्या लावा, दुपारनंतरचं ऊन त्यांनीच खाल्लं पाहिजे. मातीवर दोन-तीन इंच आच्छादन हवंच. वाळका पाला उत्तम, नारळाच्या शेंड्या चालतात, आणि या दिवसांत रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं ढिगानं पडलेली असतात, ती मागून आणा, फक्त एकदा पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात आणि मुंग्यांच्या मागोमाग मावा नि पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडी वाढतात. शेडनेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पुरते, आणि पाऊस स्थिरावला की ती काढायचीच, नाहीतर झाडं नुसती उंच, लुकडी होतात.

पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच झारी घेऊन धावू नका, संध्याकाळी ती आपोआप सावरतात. सकाळीसुद्धा पानं लोंबलेली असतील तर बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कधी कधी असं होतं की वरून पाणी घातलं रे घातलं की खालच्या भोकातून लगेच बाहेर येतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली, पण उचलून बघितली तर हलकी लागते. कोकोपीट (मातीत मिसळतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण कोरडं झालं की पाणी धरतच नाही, ते कडेच्या फटीतून निघून जातं. अशी कुंडी टबात किंवा बादलीत बसवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत राहू द्या आणि मग निथळून जागेवर ठेवा. आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ झाडं वाचतात.

आता टोमॅटो. दिवसा ३५ च्या वर तापमान आणि रात्रीही हवा नीट गार होत नसेल तर परागकण निकामी होतात, फूल देठाच्या मधल्या गाठीशी पिवळं पडतं आणि बोट लावलं की तुटून हातात येतं. टॉनिक, हार्मोन, फवारे यावर पैसे घालवू नका. झाड जुनं, रोगट असेल तर सरळ उपटा, रोगट पाला कंपोस्टमध्येही टाकू नका, आणि जूनसाठी नवीन रोपं करायला घ्या. पालक आणि मेथीचाही या उन्हात फार हट्ट धरू नये. कोथिंबीर मात्र सावलीत, पसरट क्रेटमध्ये थोडी थोडी टाकली तर येते, आणि मेमधले जुडीचे भाव बघता तेवढी खटपट करावीच.

वांगं उपटू नका! फळं संपली की फूटभर उंचीवर छाटा, शेणखत द्या (चांगलं कुजलेलं, कच्चं शेण या दिवसांत मुळं जाळतं), पावसाबरोबर मस्त फुटवा येतो. मिरचीचंही तसंच, पण आधी पानं बघा. वरच्या बाजूला द्रोणासारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड). लिटरभर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचं, उन्हात कधीच नाही.

या उन्हातही हमखास जमणाऱ्या भाज्या म्हणजे गवार, भेंडी, चवळी, तांदुळजा, अंबाडी. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्याच भाज्या आहेत या, खरं तर मेमध्ये गच्ची त्यांच्यासाठीच राखून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा रोग, ते झाड लगेच काढा, पांढरी माशी तो शेजारच्या झाडावर नेते.

वेलांना या दिवसांत नर फुलं जास्त येतात, त्यामुळे दुधीला फुलं खूप पण फळ नाही अशी तक्रार असते. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा छोटा दुधी असतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच नर फूल तोडून मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचं. दोडक्यालाही संध्याकाळीच, कारलं आणि भोपळा मात्र सकाळी.

हळद, आलं अजून लावलं नसेल तर आता लावून टाका, डोळे फुगलेले गड्डे घ्या. सगळ्या कुंड्यांची भोकं काडीनं मोकळी करा, खालच्या ताटल्या काढा, पावसात त्यात पाणी साचून डास होतात. आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की पुढच्या काही संध्याकाळी टॉर्च घेऊन गच्चीवर चक्कर मारा. हुमणी या मुळं खाणाऱ्या किडीचे तपकिरी भुंगेरे तेव्हाच बाहेर पडतात, विशेषतः जवळपास कडुनिंब किंवा बाभूळ असेल तर. ते वेचून साबणाच्या पाण्यात टाका. त्यांनी कुंडीत अंडी घातली तर ऑगस्टमध्ये अळ्या मुळं खातात आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळतं.